हजाराव्या दिवसाचा केक

रायली वुओरेनमाला भाषणं आवडत नाहीत, आणि स्वतःच्या कौतुकाची तर मुळीच नाहीत, असं ती येताजाता सगळ्यांना सांगायची. त्या मंगळवारी मात्र ती सकाळी सातलाच केस बसवून, नवा निळा स्वेटर घालून हजर झाली होती. स्वेटर कुणाच्या नजरेत भरलाच तर म्हणायचं, जुनाच आहे, कपाटात पडून होता.

आल्या आल्या तिने नेहमीसारखी दारावरची पाटी बदलली. तीन आकड्यांची जागा होती, त्यामुळे चौथ्या आकड्यासाठी तिने आदल्या दिवशीच पुठ्ठ्याचा तुकडा कापून आणला होता. ‘अपघाताशिवाय दिवस: १०००’. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. जरा वाकडं लागलं होतं. सरळ केलं, पुन्हा पाहिलं. चौतीस वर्षं ती या लाकूडतंतू संशोधन केंद्रात प्रयोगशाळा सांभाळत होती. माणसं आली, डॉक्टरेट घेऊन गेली, प्राध्यापक होऊन परत आली. रायली तिथेच. सुरक्षेचा गॉगल न घालता आत शिरणाऱ्याला ती दारातूनच परत पाठवायची, मग तो कुणी का असेना. पाठीमागे तिला लोक ‘हवालदार’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला काही वाईट वाटत नव्हतं.

प्रयोगशाळेचं सगळं काम आयनिक द्रवांवर चालायचं. आयनिक द्रव म्हणजे सोप्या भाषेत पातळ मीठ. आपलं मीठ खडा असतं, हे खोलीतल्या तपमानालाही वाहतं. लाकडाचा लगदा त्यात घातला की विरघळून जातो आणि मग त्यातून रेशमासारखा धागा ओढता येतो. बरं, गुणी किती! वास नाही. वाफ नाही. काडी लावली तरी पेटत नाही. एवढं पाहिल्यावर लोकांनी त्याला ‘हिरवं द्रावक’ म्हणून डोक्यावर घेतलं. छापील पत्रकांवर झाडाचं पान, पाहुण्यांना दाखवायच्या चित्रफितीत झाडाचं पान, केंद्राच्या कॉफीच्या कपांवरही पान. आता एखादी वस्तू घाण मारत नाही म्हणून ती सज्जन असते असं कुणी सांगितलं? रायली हे पहिल्या दिवसापासून सांगत आली होती. काही कातडीतून आत जातात, काही पोटात गेले तर विष, आणि बहुतेक सगळे सिंकमधून तळ्यात गेले तर माशांच्या जिवावर उठतात.

त्यातही एक नग फार वाईट होता. नावात सहा फ्लोरिन असलेला. एरवी गरीब, पण त्यात पाणी शिरलं आणि वर ऊब मिळाली, की हळूहळू फुटायचा, आणि त्यातून काच खाणारं ॲसिड तयार व्हायचं. हे ॲसिड भाजत नाही, हीच त्याची लबाडी. पातळ असलं तर कातडीवर पडल्यावर माणसाला काही कळतही नाही. तो आपला जेवतो, गप्पा मारतो. दुखायला लागतं ते नंतर, कधी कधी काही तासांनी, आणि तोवर ते मांसातून हाडाच्या वाटेला लागलेलं असतं. त्यावर उपाय एकच, आणि तो लगेच करायचा: धो धो पाणी, मग कॅल्शियमचं जेल चोळत राहायचं आणि इस्पितळ गाठायचं.

हे सगळं रायलीने जवळजवळ तीन वर्षांपूर्वी भिंतीवरच्या सुरक्षा पत्रकात लिहिलं होतं. लाल अक्षरात, चौकट करून. ते वाचून यार्ल हेल्फोर्स तिच्याकडे आला होता. यार्ल म्हणजे तिथला प्रोफेसर. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कुठल्याही गोष्टीची वाईट बाजू ऐकवत नसे.

“रायली, अगं हे काय लिहिलंयस? पुढच्या आठवड्यात मंत्रालयाची माणसं येतायत. आपण त्यांना हिरवं भविष्य दाखवणार, आणि भिंतीवर हे ‘हाडापर्यंत’ वगैरे!”

“जातंच ते हाडापर्यंत.”

“कारखान्याने बाटलीला लावलेल्या चिठ्ठीवर साध्या धोक्याचं नुसतं उद्गारचिन्ह आहे. तू कारखान्याहून शहाणी का?”

“हो,” रायली म्हणाली होती. ती खरंच होती.

“बरं बाई, शहाणी तर शहाणी. पण आपण तो द्रव आता वापरतोय कुठे? तूच सगळ्या बाटल्या काढून टाकल्यास ना? मग नसलेल्या वाघाची पाटी कशाला?”

त्या वर्षी दोन जागा कमी होणार असल्याची कुजबुज होती. यार्लने त्याचं नावही काढलं नाही, रायलीनेही विचारलं नाही. तिने नवं पत्रक टाइप केलं: ‘हिरवं द्रावक. विशेष धोका नाही. अंगाला लागल्यास सवडीने पाण्याने धुवावे.’ ‘सवडीने’ हा शब्द यार्लचा. खाली सही रायलीची. त्यानंतर एक-दोन दिवस तिला स्वतःचाच राग आला, मग गेला. पाटीची कल्पना तिने त्याच महिन्यात काढली. निदान दिवस तरी मोजू, म्हणाली.

आता जेलचं ऐका. त्याची एक ट्यूब प्रथमोपचाराच्या पेटीत वर्षानुवर्षं होती. फेब्रुवारीत तपासणीवाला आला, त्याने ट्यूब उलटी करून पाहिली आणि म्हणाला, मुदत संपलीय, मुदतबाह्य वस्तू पेटीत ठेवणं हा दोष धरतात. दोष! रायलीच्या प्रयोगशाळेत! तिने त्याच्यासमोर ट्यूब कचऱ्यात टाकली आणि त्याच दिवशी नवीन मागवली. मागणी यार्लच्या संगणकावर मंजुरीला गेली आणि तीन आठवड्यांनी शेरा घेऊन परत आली: ‘हिरव्या प्रयोगशाळेत याची आवश्यकता स्पष्ट करावी.’ रायली ते स्पष्ट करणार होती. पण मग हजाराव्या दिवसाची गडबड सुरू झाली.

दुपारी एक वाजता कॉफीच्या खोलीत सगळे जमले. टेबलावर दोन केक. एक पावाचा, कोळंबी आणि सॅमन माशाने मढवलेला, दुसरा मलईचा, त्यावर क्लाउडबेरीच्या पिवळ्या फळांनी लिहिलेलं ‘१०००’. माणसं मात्र टेबलापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब, भिंतीला पाठ लावून उभी, केक चावेल की काय अशी. इथे सत्कार ज्याचा, पहिला तुकडा त्याचा. तोवर कुणाची हिंमत नाही. एकटा ताउनो तेवढा टेबलाजवळ हातात रिकामी बशी घेऊन तयार होता. ताउनो शेजारच्या वर्कशॉपमधला वेल्डर. केंद्रातला एकही केक त्याने आजवर चुकवला नव्हता. त्यांच्या दारावरची पाटी ‘९’ दाखवत होती, आणि त्यांनी आकडा खडूने लिहिलेला असायचा, पुसायला बरा पडतो म्हणून.

विमा कंपनीची सिल्ताला बाई प्रशस्तिपत्र घेऊन आली होती, काचेच्या चौकटीत. यार्लने टाय लावला होता.

तेवढ्यात हेल्का आली आणि रायलीच्या शेजारी येऊन उभी राहिली. हेल्का औटिनेन, एकतीस वर्षांची संशोधक, कामाला वाघ, करार ऑगस्टपर्यंतचा. रायलीचा तिच्यावर जीव होता. हेल्काने गॉगल विसरला असं कधी घडलं नव्हतं, आणि भिंतीवरचा शब्द न् शब्द खरा मानणारी तीच एक होती.

“सॉरी, उशीर झाला,” ती कुजबुजली. “पाहुणीबाई तो वाळवणीचा ओव्हन उघडून बघेल की काय म्हणून म्हटलं आतून पुसून घ्यावा. अगं, अगदी मागे तुझी एक जुनी बाटली सापडली.”

“कसली?”

“चिठ्ठी पार तपकिरी झालीय. तुझ्या अक्षरातला सहाचा आकडा तेवढा दिसतो. बूच तडकलंय, खाली चिकट ओघळ आला होता, तो पुसला. आणि गंमत बघ, काच आतून पांढुरकी झालीय, बाथरूमच्या खिडकीसारखी. मी घासघास घासली, जाईचना! तुझ्या त्या वाफ ओढणाऱ्या हुडमध्ये ठेवलीय.”

रायलीने तिच्या हातांकडे पाहिलं. “हातमोजे घातले होतेस?”

“घातले होते गं हवालदारीणबाई. एक अंगठ्याशी फाटला, कडेला अडकून. जरा ओलं लागलं, पुसून टाकलं. हिरवंच तर आहे.”

“धुतलास हात?”

“तुझं भाषण चुकलं असतं ना! धुते नंतर, सवडीने.”

यार्लने चमच्याने कपावर टकटक केलं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून तीन मिनिटं झाली होती.

आता इथल्या माणसांचं एक सांगायला हवं. ही माणसं दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडत नाहीत. घराला आग लागली तरी आधी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतील, मग म्हणतील, जरा धूर येतोय वाटतं. रायली तर अशा घरातली, की तिथे जेवताना मीठ मागायलाही थांबायचे. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. एक मिनिटाचा प्रश्न आहे, ती मनाशी म्हणाली. यार्ल प्रास्ताविक करेल, श्वास घेईल, तेव्हा हेल्काला हळूच बाहेर नेऊ.

“सुरक्षितता म्हणजे नियम नव्हे,” यार्ल म्हणाला. “ती एक वृत्ती आहे. आणि आमच्याकडे त्या वृत्तीला नाव आहे. रायली.”

सगळे हसले. तिच्याकडे पाहू लागले. आता हलणार कशी?

यार्लने मग तो किस्सा सांगितला. तो प्रोफेसर झाला त्याच दिवशी तिने त्याला गॉगल नाही म्हणून दारातून कसं हाकललं, आणि तो पाहुण्यांसकट कसा परत गेला. रंगवून सांगितला. मागून कुणीतरी म्हणालं, “मलाही! मलाही हाकललंय!” आणखी हशा पिकला. रायलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं. चौतीस वर्षांत तिला कुणी असं चारचौघांत म्हटलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा यातल्या प्रत्येकाने हात दाबून मान हलवली होती, एक शब्द बोलला नव्हता, आणि तेही तिला आवडलं होतं. पण शब्द ते शब्दच. कान असे तापतात हे तिला माहीतच नव्हतं.

एक वाजून सात.

सहाचा आकडा कशाचाही असेल, ती स्वतःला समजावू लागली. सहा नंबरची बाटली असेल. जून महिना असेल. दुसऱ्या, साध्या ॲसिटेट द्रवाची असेल, त्याने काय होतंय? मग काच? काच जुनी झाली की होते पांढुरकी. होते का? काच कशाने पांढरी होते हे रायलीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिने शेजारी पाहिलं. हेल्का हसत होती, गाल लाल, डोळ्यांत कौतुक. हिला दुखत नाहीये, रायलीच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी हेही आलं की न दुखणं ही काही चांगली खूण नाही. हे तिने स्वतः लिहिलं होतं. लाल अक्षरात. आणि मग काढून टाकलं होतं.

बोललं तर काय होणार होतं? पाटीवर शून्य. सिल्ताला बाई चौकट परत पिशवीत घालणार. यार्ल पांढराफटक पडणार. आणि कुणीतरी विचारणार, भिंतीवर तर धोका नाही असं लिहिलंय, ते कुणी लिहिलं? हे सगळं होणारच होतं. पण पाच मिनिटांनी झालं तर निदान भाषण तरी पुरं झालं असतं. काय तो हिशेब! पण माणसाच्या मनात असलेच हिशेब येतात, आणि रायली माणूसच होती.

एक वाजून दहा. यार्लनंतर सिल्ताला बाई बोलायला पुढे आली. तिने आकडेवारी आणली होती. सबंध प्रांतात अशा फक्त चार प्रयोगशाळा आहेत. अशा बायका आणखी असत्या तर विमा कंपनीला काही कामच उरलं नसतं. हशा. टाळ्या. चौकट रायलीच्या हातात आली. फोटो. पुन्हा एक फोटो, मघाशी डोळे मिटले म्हणून. मग यार्लने सुरी पुढे केली.

“काप, रायली! ताउनो भुकेने मरतोय.”

“मी काही बोललोय का?” ताउनो म्हणाला.

रायलीने सुरी क्लाउडबेरीच्या पहिल्या शून्यावर धरली. तिथून टेबलापलीकडे, कॉफीच्या ओट्याशी गेलेली हेल्का दिसत होती. हेल्का कुणाशी तरी बोलत होती आणि बोलता बोलता तिने उजवा अंगठा दुधाच्या थंड भांड्याला टेकवून धरला होता. उचलला, पाहिला, पुन्हा टेकवला. डास चावल्यावर माणूस करतं तसं, तिचं तिलाही कळत नसेल.

रायलीने सुरी खाली ठेवली.

“हेल्का, नळ सोड आणि त्याखाली हात धर. आत्ताच्या आत्ता.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. मग सिल्ताला बाईचा चेहरा उजळला.

“प्रात्यक्षिक!” ती म्हणाली आणि टाळ्या वाजवू लागली. तिच्या मागून सगळ्यांनीच वाजवल्या.

“लबाड आहेस हं,” यार्ल रायलीच्या कानाशी म्हणाला. “मला पत्तासुद्धा लागू दिला नाहीस. फार छान, फार छान!”

हेल्कालाही ते पटलं. ती हसत सिंकशी गेली, नळ सोडला आणि सगळ्यांना दिसावं म्हणून हात जरा उंच धरला. कुणीतरी फोन काढून चित्रण करू लागलं. “जरा विव्हळ की!” मागून सूचना आली. हेल्का विव्हळली. हशा.

“नाटक नाहीये हे,” रायली म्हणाली. कुणाला खरं वाटेना. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. तिला दुसरा आवाजच नव्हता, त्याला ती तरी काय करणार?

ती सिंकशी गेली, हेल्काचं मनगट धरून अंगठा धारेखाली ओढला आणि मग वळून, आयुष्यात पहिल्यांदा, ओरडली.

“माझं पत्रक खोटं आहे! कळलं का? त्या बाटलीत काच खाणारं ॲसिड झालंय आणि ते हिच्या अंगठ्यात शिरलंय. इस्पितळाची गाडी बोलवा!”

फोन खाली आला. यार्ल तोंड उघडं टाकून उभा. हललं कुणीच नाही, फक्त ताउनोने बशी टेबलावर ठेवली.

“फ्लोराइड?” त्याने विचारलं.

“हो.”

“जेल कुठाय?”

“फेकलं. मुदत संपली होती.”

“शाबास!” ताउनो म्हणाला आणि पळत सुटला. वर्कशॉपमध्ये स्टीलचे जोड साफ करायला जी पेस्ट लावतात तिच्यात हेच ॲसिड असतं, त्यामुळे तिथल्या माणसांना त्याचे गुण ठाऊक होते. ताउनोला धावताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तो परत आला तो घामाघूम, हातात चिरडलेली अर्धी ट्यूब, काळ्या बोटांच्या ठशांनी भरलेली.

“आमची पण गेल्या वर्षीच संपलीय,” तो धापा टाकत म्हणाला.

“आण इकडे.”

रायलीने दोन-दोन हातमोजे चढवले आणि अंगठ्याला जेल चोळायला लागली. नखाच्या कडेने, नखाखाली, पुन्हा पुन्हा. सिंकमध्ये सकाळचे कप पडले होते, झाडाच्या पानाचे. हेल्का अजून अर्धवट हसत होती, कारण चेहऱ्यावरचं मघाचं हसू अजून उतरायचं होतं.

“खरंच?” तिने हळूच विचारलं.

“खरंच.”

“पण दुखत नाहीये गं. नुसतं ठुसठुसतंय.”

“दुखेल.”

ते गाडीत सुरू झालं. रायली शेजारी बसून चोळत होती, आणि गाडी पुलावर आली तेव्हा हेल्काने तिच्या स्वेटरची बाही मुठीत पकडली आणि दातओठ खाऊन खिडकीबाहेर पाहू लागली. इस्पितळात तिच्या अंगठ्यात कॅल्शियमची सुई टोचली, मग नख काढलं, मग पुन्हा टोचलं. डॉक्टर तरुण होता, भला होता. अंगठा वाचला, म्हणाला. टोकाला बधिरपणा राहील, किती ते आत्ता सांगता येत नाही. पाणी आणखी लवकर लागलं असतं तर नखही कदाचित राहिलं असतं, हे त्याने सहज सांगितलं, कुणाला बोल लावायला नाही. रायलीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या खोलीत दोन्ही केक जसेच्या तसे होते. सत्कारमूर्तीने पहिला तुकडा घेतलाच नव्हता, मग घेणार कोण? मलई पिवळी पडली होती आणि कोळंब्या वाळून वाकल्या होत्या. रायलीने ते उचलून कचऱ्यात टाकले, दारावर शून्य लावलं, भिंतीवरचं पत्रक फाडलं आणि अपघाताचा फॉर्म घेऊन बसली.

यार्ल आला. रात्रभर झोपला नसावा. तो समोरच्या स्टुलावर बसला.

“रायली, मी विचार करत होतो. फॉर्म दोन प्रकारचे असतात ना? एक अपघाताचा, आणि एक ‘थोडक्यात टळला’चा.”

“टळला कुठे?”

“अंगठा वाचला म्हणजे टळलाच की. शिवाय बघ, उपचार झाले कॉफीच्या खोलीत. दुखायला लागलं पुलावर. पाटी प्रयोगशाळेची आहे, पुलाची नव्हे.” तो स्वतःच्याच बोलण्याने जरा हुशारला. “मी काही माझ्यासाठी म्हणत नाहीये. हेल्काचा करार ऑगस्टमध्ये संपतोय. अपघात करणारी म्हणून तिचं नाव—”

“अपघात तिने नाही केला, मी केला. तीन वर्षांपूर्वी. ‘सवडीने’ तुझं होतं.”

यार्लने स्टूल जरा मागे सरकवलं.

तेवढ्यात हेल्का आली. तिने घरी राहायला हवं होतं, पण फॉर्मवर जखमी माणसाची सही लागते. अंगठ्याला कापसाचा मोठा बोळा बांधलेला. “बघ, वजन वाढलंय माझं,” ती म्हणाली. दोघी जरा हसल्या. मग हेल्का रायलीच्या खांद्यावरून फॉर्म वाचू लागली.

द्रव कुठला, ते लिहिलं होतं. बाटली ओव्हनमध्ये कशी राहिली, ते लिहिलं होतं: ‘बाटल्या काढताना मी मोजायला चुकले.’ पत्रकात चूक मजकूर कुणी लिहिला, ते लिहिलं होतं. त्याखाली वेळा होत्या. अंगाला लागलं: बारा पंचावन्न. जबाबदार व्यक्तीला कळलं: एक वाजून तीन. उपचार सुरू: एक वाजून सतरा.

हेल्का तिथेच थांबली.

“एक वाजून तीनला तुला कळलं होतं?”

“हो.”

“मी सांगितलं तेव्हाच?”

“काच पांढुरकी म्हणालीस ना, तेव्हाच.”

“मी तुझ्या शेजारी उभी होते, रायली. सगळं भाषण होईपर्यंत.”

“हो.”

“तुझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, भाषणाने.”

“भाषणानेच,” रायली म्हणाली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी चाललं होतं, ते दाराशी येऊन थबकलं, पाटीवरचं शून्य पाहून पुढे गेलं. वेळांच्या खाली एक रिकामी ओळ होती: ‘उपचारास विलंब झाला असल्यास कारण’.

“लिही ना, परिस्थितीचा अंदाज घेण्यात वेळ गेला,” यार्ल हलक्या आवाजात म्हणाला. “सगळे असंच लिहितात. कुणी विचारत नाही.”

रायलीने पेन उचललं. बाटल्यांवर लिहायची तशाच मोठ्या, सुट्या अक्षरांत, कुणालाही लांबून वाचता यावं असं, तिने लिहिलं: ‘माझं कौतुक चाललं होतं.’

मग तिने फॉर्म हेल्काकडे वळवला. हेल्काने ती ओळ वाचली, पेन डाव्या हातात घेतलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरात, बराच वेळ लावून, खाली सही केली.